अपवादांची राखण

पायथॉनमध्ये फंक्शन ही इतर कुठल्याही वस्तूसारखीच एक वस्तू असते. तिला नाव देता येते, ती दुसऱ्या फंक्शनच्या हाती सोपवता येते आणि तिसऱ्याकडून परतही घेता येते. डेकोरेटर याच सोयीवर उभा आहे. तो एक फंक्शन घेतो आणि त्याच्या जागी दुसरे देतो. दुसऱ्याच्या पोटात पहिले असतेच. पण पहिल्याला कधी हाक मारायची, ते उत्तर देताना अडखळले तर काय करायचे आणि बाहेरच्या जगाला शेवटी काय सांगायचे, हे सगळे आता दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणूनच एक्सेप्शन हाताळण्यासाठी डेकोरेटर वापरण्याची कल्पना कुणालाही चटकन सुचते. ती चांगली आहे. मात्र जितक्या सहज सुचते तितक्याच सहज ती बिघडते.

एक्सेप्शन आले म्हणजे चालू ओळ पुरी होऊ शकत नाही, असे पायथॉनने जाहीर केले. त्या क्षणी फंक्शन अर्धवट सुटते आणि एक्सेप्शन त्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे जाते, तिथून त्याच्याही वरच्याकडे. वाटेत कुणी ट्राय-एक्सेप्ट लावून झेलले तर ठीक, नाही तर प्रोग्राम थांबतो आणि पडद्यावर ट्रेसबॅकची उतरंड दिसते. नवशिक्याला ती लाल अक्षरे म्हणजे संकट वाटतात. खरे तर पायथॉन इतका प्रामाणिक दुसऱ्या कुठल्याही वेळी नसतो. कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर काय घडले, हे तो तिथे न विचारता सांगतो.

एका फंक्शनमध्ये ट्राय-एक्सेप्ट लिहिणे म्हणजे चार-पाच ओळींचे काम. अशी वीस फंक्शने झाली की त्याच चार-पाच ओळी वीस ठिकाणी उतरतात, मूळ हिशेब त्या ओळींच्या आत दडपून जातो आणि सहा महिन्यांनी धोरण बदलायचे ठरले की वीसपैकी अठरा ठिकाणीच बदल होतो. डेकोरेटर या वीस जागांची एक जागा करतो.

हे नीट पाहण्यासाठी परभणी जिल्ह्यातला पावसाचा तक्ता घ्यावा. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके; प्रत्येक तालुक्यात काही महसूल मंडळे; आणि पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा मंडळनिहाय पाऊस, मिलिमीटरमध्ये. दिसायला हा तक्ता साधा. त्यावर अवलंबून असणाऱ्या गोष्टी मात्र साध्या नाहीत. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की तिथे अतिवृष्टी झाली असे धरले जाते. सोयाबीन आणि कापसाच्या नुकसानीचे पंचनामे आणि त्यापुढची मदत यांच्या चर्चेत हा आकडा सतत येतो. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून मंडळस्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ती याच गरजेतून. परभणीतच १९७२ साली स्थापन झालेले, आता वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. अशा गावात हवामानाचे आकडे पायथॉनमध्ये घालणारा एखादा विद्यार्थी कल्पनेत आणायला फारसे कष्ट पडत नाहीत. हा तक्ता वाचणारा छोटा प्रोग्राम त्याने लिहिला असे समजू.

प्रोग्राममध्ये एक फंक्शन फाइल उघडते, दुसरे रकान्यातला मजकूर घेऊन त्याचा आकडा करते, तिसरे तालुक्याची सरासरी काढते, चौथे निकाल सर्व्हरवर पाठवते. चौघेही कधी ना कधी अडखळतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

दुसऱ्याचीच गोष्ट पाहू. मजकुराचा आकडा करण्यासाठी पायथॉनमध्ये फ्लोट आहे. त्याला ‘१२.५’ असे देवनागरीत लिहिलेले दिले तरी तो मुकाट्याने साडेबारा समजतो. पायथॉन ३ला युनिकोडमधले सगळे दशमान अंक आकडे म्हणून चालतात. मागेपुढे मोकळी जागा असली तरी हरकत नसते. पण रकान्यात ‘१२.५ मिमी’ असे एककासकट लिहिले असेल, रकाना रिकामा असेल, त्यात आडवी रेघ असेल किंवा सरकारी तक्त्यांत हमखास भेटणारे ‘निरंक’ असेल, तर फ्लोट व्हॅल्यूएरर देतो. ‘अप्राप्त’लाही तेच. पायथॉनच्या दृष्टीने हे पाचही प्रकार सारखेच: आकडा नसलेला मजकूर. माणसाच्या दृष्टीने ‘निरंक’ म्हणजे मापक पाहिले आणि पाऊस नव्हता. ‘अप्राप्त’ म्हणजे माहितीच आली नाही. आणि रिकामा रकाना म्हणजे या दोहोंपैकी काहीही. हा फरक एक्सेप्शनच्या नावात कुठेही नाही. तो पुढे सगळ्यात जास्त महाग पडतो.

बाकीच्यांच्या अडचणी सरळ आहेत. फाइल जागेवर नसली की फाइलनॉटफाउंडएरर. तालुक्याचे नाव एका तक्त्यात ‘सेलू’ आणि दुसऱ्यात ‘सेलु’ असले की कीएरर, कारण डिक्शनरीला ऱ्हस्व-दीर्घाची माफी नसते. स्प्रेडशीटमधून काढलेल्या फाइलच्या अगदी सुरुवातीला कधी कधी एक अदृश्य चिन्ह बसलेले असते; मग पहिल्या रकान्याचे शीर्षक डोळ्यांना ‘मंडळ’ दिसते आणि पायथॉन ‘मंडळ’ नावाची की नाही म्हणून अडून बसतो. जुने तक्ते घेतले तर आणखी गंमत. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधीच्या परभणीच्या कागदांत कळमनुरी आणि वसमतही असतात, आणि नऊ तालुक्यांची यादी बाळगणारा प्रोग्राम त्यांना ओळखत नाही. तालुक्यातल्या एकाही मंडळाची माहिती आली नसेल तर सरासरी काढताना शून्याने भागाकार होतो. निकाल पाठवताना नेटवर्क गेले की टाइमआउटएरर किंवा कनेक्शनएरर.

आता डेकोरेटर. पायथॉन ३मध्ये फंक्शनची नावे देवनागरीतही ठेवता येतात, म्हणून याचे नाव ‘राखण’ ठेवू. ज्वारीच्या शेतात हुरड्याच्या दिवसांत करतात ती. ‘राखण’ हे फंक्शन एक फंक्शन स्वीकारते. त्याच्या आत आणखी एक फंक्शन लिहिलेले असते, त्याला ‘आवरण’ म्हणू. आवरणाच्या कंसात एका तारांकनाचा आणि दोन तारांकनांचा असे दोन घटक असतात. त्यामुळे मूळ फंक्शनला जे काही दिले जाईल, क्रमाने किंवा नावाने, ते सगळे जसेच्या तसे पुढे जाते. आवरणाच्या पोटात ट्राय; ट्रायमध्ये मूळ फंक्शनला हाक आणि त्याचे उत्तर परत; एक्सेप्टमध्ये जे काही धोरण असेल ते. शेवटी ‘राखण’ हे आवरण परत देते, त्याला हाक न मारता. नवशिक्याचा हात इथेच घसरतो. आवरणाच्या नावापुढे सवयीने कंस पडतो आणि फंक्शनऐवजी त्याचे उत्तर परत जाते. दुसरी घसरगुंडी म्हणजे ट्रायमध्ये ‘रिटर्न’ विसरणे. मग सगळे सुरळीत चालते, कुठलेही एक्सेप्शन येत नाही आणि प्रत्येक मंडळाचा पाऊस ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असा येतो.

लावताना फंक्शनच्या व्याख्येच्या वरच्या ओळीवर एवढेच लिहायचे:

@राखण

या ओळीचा अर्थ इतकाच की व्याख्या पुरी झाल्यावर ते फंक्शन ‘राखण’ला द्यावे आणि जे परत येईल ते त्याच नावावर ठेवावे. हे व्याख्येच्या वेळी एकदाच घडते. आवरण मात्र प्रत्येक हाकेला चालते. कार्यालयातल्या आवक-जावक टेबलासारखेच हे काम आहे: पत्रातल्या मजकुराला हात न लावता त्याची नोंद होते, आणि पत्ता चुकीचा असेल तर ते आतल्या साहेबांपर्यंत न जाता तिथूनच परत फिरते.

हे चिन्ह पायथॉनमध्ये पहिल्यापासून नव्हते. भाषा १९९१ साली बाहेर आली. फंक्शन गुंडाळून त्याच नावावर परत ठेवण्याची युक्ती लोक त्यानंतर हाताने करत होते, व्याख्येच्या खाली एक वेगळी ओळ लिहून. फंक्शन लांब असले की ती ओळ नजरेतून सुटायची, आणि फंक्शन काय करते हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत जाऊनच कळायचे. पीईपी ३१८ या प्रस्तावावर बराच खल झाला. चौकोनी कंसापासून नव्या शब्दांपर्यंत अनेक पर्याय पुढे आले. शेवटी ३० नोव्हेंबर २००४ रोजी आलेल्या पायथॉन २.४मध्ये ‘@’ स्थिरावले. आज ते इतके सरावाचे झाले आहे की त्यावर भांडणे झाली होती हेच नवल वाटते. वर लिहिण्याचा फायदा खरा आहे. वाचणाऱ्याला आधी कळते की या फंक्शनवर राखण आहे, मग ते काय करते ते.

एक बारीक गोष्ट इथेच उरकून घ्यावी. आवरण परत दिल्यावर मूळ फंक्शनचे नाव हरवते. विचारले तर ते स्वतःला ‘आवरण’ म्हणवते. वीस फंक्शनांवर एकच डेकोरेटर असेल तर लॉगमध्ये वीसही जण ‘आवरण’ या एकाच नावाने हजर राहतात आणि नेमके कोण पडले ते शोधत बसावे लागते. फंक्टूल्समधला ‘रॅप्स’ हा उपाय आहे. तो पायथॉन २.५पासून आहे. आवरणावर तो लावला की मूळ नाव, मूळ दस्तऐवज आणि इतर ओळख आवरणावर उतरते. पुढे पायथॉन ३.२पासून मूळ फंक्शनही ‘रॅप्ड’ या नावाने जवळ ठेवले जाऊ लागले. एक्सेप्शन हाताळणारा डेकोरेटर ‘रॅप्स’शिवाय लिहू नये. याला अपवाद सुचत नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे: एक्सेप्टपुढे काय लिहायचे?

पायथॉनमधली एक्सेप्शने एका वंशावळीत बसवलेली आहेत. सर्वांत वर बेसएक्सेप्शन. त्याखाली एक्सेप्शन आणि त्याखाली बाकीचा गोतावळा. कीबोर्डवरून प्रोग्राम थांबवला की येणारे कीबोर्डइंटरप्ट आणि बाहेर पडताना येणारे सिस्टिमएक्झिट ही दोन्ही मुद्दाम एक्सेप्शनच्या बाहेर, थेट बेसएक्सेप्शनखाली ठेवलेली आहेत. एक्सेप्टपुढे काहीच न लिहिता कोलन टाकला तर हीसुद्धा पकडली जातात, आणि मग चालू प्रोग्राम थांबवायला निघालेला माणूस की दाबत बसतो. ‘एक्सेप्शन’ असे नाव लिहिले तर एवढे टळते, पण जाळे तरीही फार मोठे राहते. फंक्शन लिहिताना चलाचे नाव चुकले, ‘पाऊस’ऐवजी ‘पाउस’ पडले, तर नेमएरर येते. तेही एक्सेप्शनच्याच कुळातले. राखण ते गिळते, ‘माहितीत दोष’ अशी नोंद करते आणि पुढे जाते. दोष तक्त्याच्या माथी बसतो. चूक प्रोग्रामरची असते. सगळे पकडणाऱ्या डेकोरेटरचे हे सर्वांत मोठे पाप. प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसण्याची जी एकच वाट असते, ती तो बुजवतो.

म्हणून नावे घेऊन पकडावे, आणि तेही वंशावळ माहीत असताना. व्हॅल्यूएरर पकडले की युनिकोडडिकोडएररही पकडले जाते, कारण ते त्याचेच अपत्य. फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडली गेली असेल तर तो एका रकान्याचा दोष नाही, अख्खी फाइल अवाच्य आहे. पण राखण दोघांनाही एकाच मापाने मोजेल. ओएसएरर पकडले की फाइल न सापडणे, परवानगी नसणे, जोडणी तुटणे, वेळ संपणे हे सगळे एका झटक्यात येते. हे कधी हवे असते, कधी नको असते. डेकोरेटरला बाहेरून यादी देता आली तर निवड प्रत्येक फंक्शनपाशी राहते. त्यासाठी ‘राखण’च्या बाहेर आणखी एक फंक्शन लागते. ते यादी घेते आणि डेकोरेटर परत देते. थर तीन होतात: यादी घेणारा, फंक्शन घेणारा, हाक घेणारा. वाचायला हे पहिल्यांदा जड जाते, पण ‘@राखण’च्या कंसात काय पकडायचे ते दिसते, आणि ते दिसणे महत्त्वाचे.

पकडल्यावर काय करायचे, याला उत्तरे थोडीच आहेत. नोंद करून तेच एक्सेप्शन पुन्हा वर सोडणे. त्याचे रूपांतर आपल्या कामाच्या भाषेतल्या एक्सेप्शनमध्ये करून वर सोडणे. पुन्हा प्रयत्न करणे. किंवा ते गिळून त्याऐवजी एखादी किंमत परत देणे. पहिले सर्वांत निरुपद्रवी आहे. लॉगिंग मॉड्यूलमधले ‘एक्सेप्शन’ हे फंक्शन एक्सेप्ट भागातून बोलावले की संदेशासोबत पूर्ण ट्रेसबॅकही नोंदवला जातो. मग नुसते ‘रेझ’ लिहावे, म्हणजे मूळ एक्सेप्शन पुढे जाते. दुसऱ्यात पायथॉन ३ने मोठी सोय केली आहे. ‘रेझ’सोबत ‘फ्रॉम’ लिहिले की नव्या एक्सेप्शनला जुने कारण म्हणून जोडले जाते. वरच्या थराला ‘पाऊसनोंदसदोष’ असे अर्थाचे नाव मिळते आणि खाली खोदणाऱ्याला मूळ व्हॅल्यूएररही सापडते.

चौथे उत्तर सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक. आकडा वाचणाऱ्या फंक्शनवर राखण लावली, व्हॅल्यूएरर आले की शून्य परत द्यायचे ठरवले. प्रोग्राम कधीच पडत नाही, तक्ता रोज पुरा होतो, साहेब खूश. पण ‘निरंक’ला शून्य बरोबर आहे आणि ‘अप्राप्त’ला नाही. एका तालुक्यात आठ मंडळे आहेत असे समजा. सहांत ७२ मिलिमीटर पाऊस झाला आणि दोघांचे रकाने आलेच नाहीत. आलेल्या सहांची सरासरी ७२. दोन शून्ये मिसळली की ५४. सरासरी एकीकडे राहू द्या, त्या दोन मंडळांच्या नावापुढे शून्य लागले आहे, आणि शून्य म्हणजे तिथे अतिवृष्टी नाही असे लेखी उत्तर. प्रोग्रामने कुणालाही न विचारता दिलेले.

यात आणखी एक पेच आहे. आकडा न येण्याच्या घटना वर्षभर समान विखुरलेल्या नसतात. ज्या रात्री पूर्णा आणि दुधना या नद्यांना पाणी येते, ओढे रस्त्यावर येतात, वीज जाते आणि मोबाइलचे टॉवर बंद पडतात, नेमकी त्याच रात्रीची माहिती सकाळी अप्राप्त राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणजे एक्सेप्शनच्या जागी शून्य देणारा डेकोरेटर कोरड्या दिवसांत जवळजवळ बरोबर ठरतो आणि ज्या दिवसासाठी सगळा तक्ता राखला जातो त्याच दिवशी चुकतो, तोही ठरलेल्या बाजूला. चाचणीत हे सापडत नाही, कारण चाचणी सहसा चांगल्या दिवशी होते.

मग शून्य नाही तर काय? दोन पर्याय नेहमी पुढे येतात आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे. एक ‘नन’, म्हणजे काहीच नाही; दुसरा ‘नॅन’, म्हणजे आकडा नसलेला आकडा. नॅनला ६५शी तुलना करायला लावली की तो न कुरकुरता ‘नाही’ म्हणतो. ६५पेक्षा जास्त? नाही. कमी? तेही नाही. बेरजेत एक नॅन मिसळला की बेरीज नॅन होते. निदान तिथे तरी कुणाला संशय येतो. नन मात्र पायथॉन ३मध्ये तुलनेला उभाच राहत नाही, टाइपएरर देतो. आकड्यांत मिसळू पाहिले तरी तेच. या आडमुठेपणामुळेच तो इथे बरा. माहिती नाही हे विसरून कुणी पुढे हिशेब करू लागले तर तो वाट अडवतो. फक्त ‘पाऊस नसेल तर’ अशी सैल अट लिहू नये, कारण त्या अटीला शून्य आणि नन सारखेच दिसतात. ‘नन आहे का’ असे स्पष्ट विचारावे. आणि ‘निरंक’चे शून्य करणे हे डेकोरेटरचे काम नाहीच. तो रकान्याचा अर्थ आहे, अपघात नव्हे. त्याची जागा फंक्शनच्या आत, साध्या अटीत. तक्त्यात ठरलेला शब्द एक्सेप्शनच्या वाटेने जाऊ लागला की समजावे, हिशेबातला एक नियम राखणीवर ढकलला गेला आहे.

सरसकट धोरणाची किंमत किती मोठी असू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पायथॉनमधले नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांचा एक अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना तो मावला नाही आणि एक्सेप्शन आले. ते त्या जागी झेललेले नव्हते. वरचे धोरण मात्र ठरलेले होते: एक्सेप्शन आले की ते यंत्र बिघडले असे धरून त्याने बंद व्हावे, जोडीला असलेले दुसरे यंत्र काम सांभाळेल. सुटा भाग बिघडतो तेव्हा हे शहाणपणाचे आहे. पण दोन्ही यंत्रांत एकच प्रोग्राम होता. दुसरेही त्याच कारणाने बंद पडले. आणि ज्या हिशेबात हे घडले त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती. एक्सेप्शन कोणत्या कारणाने येऊ शकते याविषयीचा एक अंदाज धोरणात लपून बसला होता, तो चुकला.

पुन्हा प्रयत्न करणारा डेकोरेटर वेगळ्या जातीचा. नेटवर्कसारख्या तात्पुरत्या अडचणींसाठी तो उत्तम: एकदा जमले नाही, थोडे थांबून पुन्हा, मग दुप्पट थांबून पुन्हा, ठरलेल्या वेळा झाल्या की हार मानून एक्सेप्शन वर सोडणे. थांबण्यात थोडा अनियमितपणा मिसळावा, नाही तर साडेआठला अडलेले सगळे एकाच ठोक्याला पुन्हा सर्व्हरच्या दारात येतात. हे घरी लिहिण्यापेक्षा टेनॅसिटीसारखी तयार लायब्ररी बरी, पण तिचा मूळ स्वभाव माहीत हवा. काहीही न सांगता लावली तर ती न थांबता, कायमचे प्रयत्न करत राहते. मर्यादा आणि विश्रांती दोन्ही आपण सांगायच्या असतात. व्हॅल्यूएररवर पुनःप्रयत्न लावणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, ‘१२.५ मिमी’ तिसऱ्यांदा वाचल्यानेही ‘१२.५ मिमी’च राहते. आणि काम असे हवे की दोनदा झाले तरी बिघडू नये. पावसाचा आकडा दोनदा पाठवला तर दुसरा पहिल्यावर बसतो. मदतीची रक्कम खात्यात जमा करणारे फंक्शन असेल आणि रक्कम गेली पण पोचपावती वाटेत हरवली, तर आंधळा पुनःप्रयत्न ती दुसऱ्यांदा पाठवतो. अशा ठिकाणी प्रत्येक व्यवहाराला ओळखक्रमांक लागतो, आणि ती सोय कुठलाही डेकोरेटर बाहेरून आणू शकत नाही.

एका फंक्शनवर दोन डेकोरेटर असले की क्रम बघावा लागतो. व्याख्येला सर्वांत जवळचा आधी लागतो, वरचा त्याला गुंडाळतो. एक्सेप्शन आतून बाहेर येते, म्हणजे ते आधी खालच्याच्या हाती पडते. पाठवणाऱ्या फंक्शनवर वर पुनःप्रयत्न आणि खाली गिळणारी राखण असेल, तर राखण एक्सेप्शन गिळून नन परत देते आणि पुनःप्रयत्नाला सगळे व्यवस्थित झाले असे वाटते. तो एकदाही पुन्हा प्रयत्न करत नाही. ओळींची अदलाबदल केली की दोघेही आपापले काम करू लागतात. कोडमध्ये फरक दोन ओळींच्या जागेचा, आणि प्रोग्राम दोन्ही वेळा तक्रारीविना चालतो.

तितकाच गप्प सापळा जनरेटर आणि असिंक्रोनस फंक्शनांचा आहे. ‘यील्ड’ असलेल्या फंक्शनला हाक मारली की त्याच्या पोटातली एकही ओळ चालत नाही; फक्त जनरेटर तयार होऊन परत येतो. ओळी चालतात त्या पुढे, कुणी एकेक नोंद मागू लागले की. तोवर आवरणातला ट्राय संपलेला असतो. फाइलमधल्या ओळी एकेक करून देणारे फंक्शन असे लिहिले आणि त्यावर राखण लावली, तर ती रिकाम्या शेतावर उभी आहे. एक्सेप्शन सरळ तिच्या पाठीमागून जाते. ‘असिंक’ फंक्शनचेही तेच: हाकेला कोरुटीन मिळते, काम ‘अवेट’ केल्यावर होते. उपाय कठीण नाही. जनरेटरसाठी आवरणही जनरेटर हवे आणि ट्रायच्या आत ‘यील्ड फ्रॉम’ हवे; असिंकसाठी आवरण असिंक हवे आणि मूळ फंक्शन आतच अवेट करायला हवे. एकच डेकोरेटर सगळ्यांना पुरवायचा असेल तर फंक्शनचा प्रकार आधी तपासावा लागतो.

डेकोरेटरची कक्षा नेहमी अख्खे फंक्शन असते, आणि ही त्याची मर्यादाही आहे. तीस ओळींच्या फंक्शनमध्ये एकाच ओळीची भीती असेल तर तिथेच ट्राय लिहावा. सगळ्या फंक्शनवर राखण लावली की उरलेल्या एकोणतीस ओळींतल्या चुकाही त्या नावाखाली जातात. फाइल उघडून बंद करण्यासारखी कामे ‘विथ’ने करावीत. तालुक्यांच्या यादीतला एक तालुका बिघडला तरी बाकीचे आठ चालू राहावेत, असे हवे असेल तर यादीवर फिरणाऱ्या फंक्शनवर डेकोरेटर लावून उपयोग नाही, कारण पहिल्या एक्सेप्शनला अख्खी फेरीच संपते. एका तालुक्याचे काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढून त्यावर तो लावावा लागतो. फंक्शने लहान आणि एकाच कामाची असतील तिथे डेकोरेटर शोभतो. कधी कधी तो लावता यावा म्हणूनच फंक्शने तोडली जातात, आणि कोड आधीपेक्षा बरा होतो.

राहिली चाचणी. ‘रॅप्स’ने ठेवलेल्या मूळ फंक्शनला ‘रॅप्ड’मधून थेट हाक मारून हिशेब वेगळा तपासता येतो, म्हणजे राखणीच्या आडोशाला हिशेबातली चूक लपत नाही. डेकोरेटरची चाचणी त्याच्या स्वतःच्या फंक्शनांवर घ्यावी, चार-दोन ओळींच्या. एक फंक्शन नीट उत्तर देणारे: ते उत्तर तसेच बाहेर आले पाहिजे. एक यादीतले एक्सेप्शन देणारे: ठरल्याप्रमाणे नोंद आणि ठरल्याप्रमाणे उत्तर. एक जनरेटर आणि एक असिंक, कारण ती दोघे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. आणि एक असे, ज्यात चलाचे नाव मुद्दाम चुकवले आहे. डेकोरेटर लावल्यानंतरही त्यातून नेमएरर बाहेर आलेच पाहिजे. आले नाही तर एक्सेप्टपुढची यादी पुन्हा उघडून बघायची.